मागच्या खोलीत कुणी बसायचं नाही

आजी जाऊन आता वर्ष होत आलं. डिसेंबर २०२४ मध्ये गेली, ७८ वर्षांची होती. तिच्यावर लिहायला मी याआधी तीनदा बसले आणि तीनदा लॅपटॉप बंद करून उठले, कारण लिहायला घेतलं की ते पेपरातल्या श्रद्धांजलीसारखंच व्हायला लागायचं, प्रेमळ होती, कष्टाळू होती, वगैरे. होतीच ती तशी. पण त्यात आमची आजी कुठेच सापडत नव्हती.

तेव्हा भेटायला आलेली माणसं सगळी एकच बोलत होती. "किती हसऱ्या स्वभावाच्या होत्या हो." मी चहाचे कप ठेवत मान हलवत होते, पण आतून मला ते पटतच नव्हतं. स्वभाव म्हटलं की ते आपोआप आलेलं असतं ना, म्हणजे एखाद्याचे डोळे घारे असतात तसं. आजीचं तसं नव्हतं. तिची मजा ही तिनं मिळवलेली होती, पहाटे चारला उठून, कामं उरकून, लोकांची बोलणी खाऊन. हे मला आज लिहायचंय.

सुरुवात तिच्या आईपासून करावी लागेल, म्हणजे माझ्या पणजीपासून. आजी चार वर्षांची असताना तिचे वडील गेले आणि पणजी साताऱ्याला भावांच्या वाड्यात राहायला आली. श्रावणात त्या वाड्यात मंगळागौर असली की रात्रभर खेळ चालायचे, आळीतल्या सगळ्या बायका जमायच्या, आणि पणजी मागच्या खोलीत बसायची. स्वयंपाक सगळा तिनं केलेला, वाटली डाळ तिची, पण समोर यायचं नाही. आजी सांगायची की ती पाच-सहा वर्षांची असताना खेळता खेळता तहान लागली म्हणून मागं गेली तर आई अंधारात बसून पुढं चाललेल्या गाण्यावर मांडीवर हातानं ताल धरत होती. अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून बोटांनी.

ही गोष्ट आजीनं मला आयुष्यात फक्त एकदाच सांगितली, मी बावीस-तेवीस वर्षांची असताना, मटार सोलता सोलता. सांगताना तिचा आवाज वगैरे काही बदलला नाही, मटार सोलत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली की तेव्हाच ठरवलं होतं, माझं घर झालं की माझ्या घरात मागच्या खोलीत कुणी बसायचं नाही.

१९६४ ला लग्न होऊन ती वाईला आली. आजोबा एसटीत कंडक्टर, वाई डेपो. गंगापुरीत दोन खोल्यांचं घर, सासूबाई, दोन दीर, एक नणंद. आजोबांची ड्युटी म्हणजे कधी पहाटेची पहिली गाडी, कधी मुक्कामाची. तर आजी पहाटे चारला उठायची, पाणी भरणं, भाकऱ्या, डबे, धुणं, सगळं अकराच्या आत संपवायची आणि दुपारी दोन ते चार हा तिचा टाईम. त्यात ती पत्ते खेळायची. शेजारच्या तिघीजणी यायच्या, मेंढीकोट चालायचा, आणि सासूबाई सुरुवातीला भयंकर चिडायच्या. कामं राहिलीत म्हणून ओरडावं तर एकही काम राहिलेलं नसायचं. दोन-तीन वर्षांनी म्हणे सासूबाईच पावणेदोनला सतरंजी घालून बसायला लागल्या. आई सांगते की तिच्या लहानपणी आजी आणि तिची सासू पार्टनर असायच्या आणि डोळ्यांच्या खुणा करायच्या, हुकूम कुठला ते पदराच्या टोकावरून ठरलेलं असायचं.

आजोबा तिला 'चेकर' म्हणायचे. एसटीत लाईन चेकिंगला येणारा चेकर म्हणजे कंडक्टरला धडकीच, तिकिटं आणि पैसे जुळले नाहीत की संपलं. आजी रोज रात्री आजोबांच्या खिशातली चिल्लर मोजायची, त्यातले काही पैसे एका डब्यात टाकायची आणि त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. तो मजेचा डबा. त्यातून जत्रेतल्या बांगड्या, तंबूतला सिनेमा, मुलांना पाळणा. किराणा कमी पडला तरी त्या डब्यातून घ्यायचं नाही हा नियम, आणि मला आता स्वतःचं घर चालवताना कळतं की हे किती अवघड असेल, कारण दोन खोल्यांच्या घरात सात माणसं आणि एक पगार.

आजोबांबद्दल एक सांगायलाच हवं. ते अतिशय अबोल. घरात दोन वाक्यं बोलले तर खूप. पण आजीनं त्यांच्या गाडीची भाषा घरात आणली होती. कुठंही निघायचं असलं, लग्नाला, बाजारात, देवळात, की ती दारात उभी राहून म्हणायची "द्या डबल". एसटीत एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे सुटा, हे आमच्या पिढीतल्यांना तरी माहीत असेल. मग आजोबा कडीवर किल्ली दोनदा वाजवायचे, टण टण. तेव्हाच उंबरा ओलांडायचा. साठ वर्षं हे चाललं. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच घरी निघताना असं करतात.

आणि तिचे उखाणे! दर वर्षी नवा. "पसरणीच्या घाटात वळणावर वळण, अमुकराव गेले ड्युटीवर, मी टाकते दळण." हा तिचा पहिला गाजलेला. तो ऐकून सासूबाईंना हसू आवरेना असं आईची आत्या सांगते.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आई दीड वर्षाची होती. वाईतसुद्धा चांगलाच हादरा बसला, फळीवरची भांडी सगळी खाली. माणसं घराबाहेर पळाली आणि मग धक्के येतच राहिले म्हणून पुढं कित्येक रात्री लोक उघड्यावर झोपत होते, आणि डिसेंबरातली वाईची थंडी, नदीकाठची. आजोबा ड्युटीवर. मुलं रडत होती, म्हातारी माणसं देवाचं नाव घेत होती. आजीनं दुसऱ्या रात्री गाण्यांच्या भेंड्या सुरू केल्या. लोकांना आधी राग आला, असल्या वेळी गाणी सुचतात कशी हिला. पण ती एकटीच दोन्ही बाजूंनी गात बसली, आधी पोरं आली, मग पोरांच्या आया, आणि मध्यरात्रीपर्यंत दोन टोळ्या पडल्या. तिला मी एकदा विचारलं होतं की तुला भीती नाही वाटली का. तर म्हणाली, "वाटत होती की, म्हणूनच मोठ्यानं गात होते."

आता मंगळागौर. तिच्या घरची पहिली मोठी मंगळागौर धाकट्या जावेची, १९७० च्या आसपास. आमंत्रण करायला ती आळीत घरोघर गेली आणि ज्या घरी विधवा बाई होती तिथं तिलाही आग्रहानं बोलावून आली. त्यातल्या एक मास्तरीणबाई होत्या, पस्तिशीच्या, त्या आल्याच नाहीत. तर आजी रात्री खेळ सुरू व्हायच्या आधी कंदील घेऊन परत त्यांच्या घरी गेली आणि त्यांच्या दारात बसून राहिली. तुम्ही आल्याशिवाय मी पहिली फुगडी घालणार नाही. शेवटी त्या आल्या, भिंतीला टेकून बसल्या, आणि आजीनं पहिली फुगडी त्यांच्याशीच घातली. चार बायका उठून गेल्या. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पण त्यांनी त्या चौघींना थांबवलंही नाही, याचं आजीला पुढं आयुष्यभर कौतुक होतं. पणजी तेव्हा हयात होती. तिलाही साताऱ्याहून आणलं होतं आणि पुढच्या खोलीत मधोमध बसवलं होतं. खेळली नाही ती. पण सगळ्यांना दिसेल असं मांडीवर ताल धरून बसली होती म्हणे.

एवढं सगळं ती भाषण न देता करायची. कुणाशी वाद नाही, अंगात आल्यासारखं बोलणं नाही. खेळायला बोलवायचं आणि येईपर्यंत बसून राहायचं बस्स.

मला फुगडी तिनंच शिकवली, मी आठ वर्षांची होते, मे महिन्याच्या सुट्टीत, माजघरात. माझे हात तिढा करून तिनं मनगटाच्या वर घट्ट धरले, तिच्या हातांना लसूण आणि पावडर असा मिक्स वास यायचा. पाय जुळव. टाचा टेकव. आता अंग मागं टाक. मी भीतीनं सारखी पुढं वाकत होते आणि आम्ही दोघी धडपडत होतो. "पुढं वाकलीस की पडलीस बघ. समोरचीनं धरलंय ना तुला? मग टाक अंग मागं." आणि मी टाकलं, आणि माजघर गरागरा फिरायला लागलं, दिवा, फळी, दाराची चौकट सगळ्याचा एक पट्टा झाला आणि मधोमध तेवढा आजीचा चेहरा स्थिर, हसणारा, नथीशिवायसुद्धा लखलखीत.

आई म्हणून कशी होती हे आईनं लिहायला पाहिजे, पण ती लिहिणार नाही, म्हणून तिनं सांगितलेली एकच गोष्ट सांगते. १९८२ ला आई दहावीला गणितात नापास झाली. घरात सुतक असल्यासारखं वातावरण, दीर लोक सल्ले देतायत, लग्न करून टाका. आजी दुसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हणाली केस विंचर, आणि आजोबांच्याच गाडीत बसवून महाबळेश्वरला घेऊन गेली. जूनअखेर, धो धो पाऊस, वेण्णा लेकवर धुकं एवढं की पाणी दिसेना. दोघींनी भाजलेली कणसं खाल्ली, छत्री उलटी झाली तर भिजल्या, आणि आजीनं निकालाचा एक शब्द काढला नाही. परतीच्या गाडीत, घाटात, फक्त म्हणाली, ऑक्टोबरला बसायचं आणि उद्यापासून पाचला उठायचं, मी पण उठते. म्हणजे ती तशीही चारलाच उठत होती. ऑक्टोबरात आई पास झाली, पुढं बी.कॉम. झाली, बँकेत लागली. आई आजही सांगते की मला गणित कुणी शिकवलं ते आठवत नाही, पण त्या कणसाला मीठ जास्त लागलं होतं ते आठवतं.

वाईत सिनेमाचं शूटिंग म्हणजे नवीन काही नाही, मेणवलीच्या घाटावर, गावात, कायम काहीतरी चालू असायचं. एकदा बाजाराच्या सीनला माणसं हवी होती तर आजी शेजारणींना घेऊन गेली, दिवसभर उन्हात वांगी निवडल्याचं काम केलं, दुपारचं जेवण मिळालं. सिनेमा लागल्यावर साताऱ्याला सगळं खानदान घेऊन गेली आणि पडद्यावर दिसला फक्त तिचा कोपर आणि हिरव्या बांगड्या, दोन सेकंद. थेटरात ती उभी राहिली. "माझा हात! अहो, माझा हात!" आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं थेटरात टाळ्या वाजवल्या ते तेव्हाच.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्यात एका फ्लॅटमध्ये, नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम, माझं वर्क फ्रॉम होम, मुलगी दोन वर्षांची. मला तेव्हा खरंच खूप वाईट दिवस होते, रडू यायचं काही कारण नसताना. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं पण आजीनं फोनवरच्या आवाजावरून ओळखलं असणार. कारण एका संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर हौजीची तिकिटं आली. जुन्या वहीच्या पानावर तिनं स्वतः पट्टीनं आखलेली, तीन ओळी, नऊ रकाने, प्रत्येक तिकिटावर पंधरा आकडे, एकूण बावीस तिकिटं, एकसारखं एकही नाही. मामाच्या मुलानं फोटो काढून पाठवले होते. रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल. तिच्या मांडीवर पिशवी, त्यात चिंचोके, चिंचोक्यांवर खडूनं आकडे. तीन महिने एक दिवस चुकला नाही. बक्षिसं वहीत लिहून ठेवली होती आणि रस्ते सुरू झाल्यावर मामाबरोबर सगळ्यांची पोहोचवली. माझ्या वाट्याला लसणाच्या चटणीच्या चार बरण्या आल्या, बरणीवर कागद चिकटवलेला, 'फुल हाऊस, चार वेळा'.

ऑगस्ट २०२२ ला एसटीनं ७५ वर्षांच्या वरच्यांना राज्यात मोफत प्रवास सुरू केला आणि मग विचारूच नका. आजोबांना तर कर्मचारी म्हणून पास वगैरे ठाऊक होतेच, पण आजीला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर फिरता आलं याचा केवढा आनंद. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात. पंढरपूर झालं, कोल्हापूर झालं, नाशिक, शेगाव, गणपतीपुळे. सप्टेंबरात कासची फुलं बघायला गेली, गुडघे दुखत असताना. २०२३ च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा आई आणि मी अर्ध्यात, आजी फुकटात, अशा आम्ही तिघी रत्नागिरीला जाऊन आलो. वाटेत ती कंडक्टर मुलीशी गप्पा मारत बसली. तरुण मुलगी होती, गळ्यात तिकिटाचं मशीन. आजीनं तिला विचारलं, डबल मी देऊ का? आणि त्या मुलीनं खरंच देऊ दिली. दोरी ओढताना आजीचा चेहरा मी फोनमध्ये घेतलाय पण हलल्यामुळे फोटो धूसर आलाय. तरी तोच माझ्याकडे फ्रेम करून आहे.

ती सगळी शून्य रुपयाची तिकिटं तिनं त्याच मजेच्या डब्यात जपून ठेवली होती. ती गेल्यावर आईनं आणि मी डबा उघडला तर निम्म्याहून जास्त कागद कोरे झालेले. मशीनची तिकिटं ती, शाई उडून जाते. त्याच डब्यात तळाशी आजोबांच्या वेळची छापील तिकिटं होती, पंचिंगची भोकं पडलेली, त्यांच्यावरचे पैसे अजून वाचता येत होते. आजोबांनी ते कोरे कागद एकेक उचलून, चष्मा कपाळावर सरकवून बघितले आणि म्हणाले, हे पंढरपूरचं. हे कासचं. कशावरून म्हणत होते कुणास ठाऊक. आम्ही विचारलं नाही.

शेवटच्या आजारपणाबद्दल फार लिहीत नाही. हार्टचं होतं, साताऱ्याला नऊ दिवस. आयसीयूतून बाहेर आणल्यावर शेजारच्या कॉटवरच्या बाईंना उखाणा घ्यायला लावला आणि त्यांच्या नवऱ्याला लाजवलं. त्याच रात्री मामीला जवळ बोलावून म्हणाली की सूनबाईची मंगळागौर चुकवायची नाही. मामाच्या मुलाचं लग्न मे २०२४ मधलं, पहिली मंगळागौर आजीसमोर झालेली, तिनं खुर्चीत बसून गाणी सांगितलेली. दुसरी या श्रावणात होती. मामी म्हणाली तुम्हीच असाल की. आजी म्हणाली, "असेन नसेन, सतरंजी टाकायची." चार दिवसांनी गेली.

तर या ऑगस्टमधली गोष्ट. नातेवाइकांनी बोलायला सुरुवात केलीच, अजून वर्ष व्हायचंय, शोभतं का, लोक काय म्हणतील. मामा पण कचरत होता. मामीनं कुणाशी वाद घातला नाही, वाटली डाळ भिजत घातली आणि आमंत्रणाला बाहेर पडली. घरोघर, जशी आजी जायची तशी. संध्याकाळी घर भरलं. साठीच्या, सत्तरीच्या, नऊवारीतल्या, ड्रेसमधल्या, शेजारच्या दोघी ज्यांचे मिस्टर कोविडमध्ये गेले त्या पण, पुढच्या खोलीत, मधोमध.

आरती झाली आणि माझ्या लक्षात आलं की आजोबा दिसत नाहीत. ८६ वर्षांचे आहेत ते आता. शोधलं तर मागच्या खोलीत. लाईट न लावता पलंगावर बसले होते, हातात ती कडीवर वाजवायची किल्ली. म्हणाले, बायकांच्यात माझं काय काम, चालू द्या तुमचं. मी काही बोलायच्या आत माझी मुलगी, सात वर्षांची, माझ्या मागून आत शिरली आणि त्यांचा हात धरून ओढायला लागली. तिला पणजीची ती गोष्ट माहीत नाही. ती फक्त म्हणाली, "अहो पणजोबा, इथं बसायचं नसतं. आजी रागावते."

ते उठले. हळूहळू, भिंत धरत पुढच्या खोलीत आले. बायकांनी जागा केली, मामीनं दाराजवळ खुर्ची ठेवली. खोलीच्या मधे माझी मुलगी आणि नवी सून हात तिढा करून उभ्या, पाय जुळवलेले. कुणालाच सुरुवात करवेना, सगळ्या आजोबांकडे बघत होत्या. मुलगी अंग पुढं झुकवून उभी होती, घाबरलेली, म्हणून मी म्हटलं मागं टाक गं, काकूनं धरलंय तुला.

आजोबांनी किल्ली दाराच्या कडीवर दोनदा वाजवली. टण टण.